जिन्याचा कठडा

त्या वर्षी हवा इतकी कोरडी पडली, की मिस्त्रीच्या बायकोला वेत भिजत घालायलासुद्धा पाणी जपून वापरावं लागत होतं. ती खुर्च्यांच्या बैठका विणायची. वेत नीट भिजला नाही तर विणताना तुटतो आणि तुटता तुटता बोट कापून जातो, त्यामुळे तिच्या निम्म्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा, गावातला एकुलता एक सुतार. घरापुढच्या पत्र्याच्या छपराखाली एका बाजूला त्याचा रंधा चालायचा, दुसऱ्या बाजूला हिचा वेत. दिवसभरात दोघं मिळून वीस वाक्यंही बोलत नसत, पण एकाचं काम थांबलं की दुसऱ्याला न बघता कळायचं.

त्यांना एकच मुलगी. गावातल्या सरकारी हायस्कुलात ती शिकवायची. नोकरीला अजून वर्ष व्हायचं होतं आणि नोकरी तात्पुरती होती. वर्षाअखेर हेडसरांनी चांगला शेरा दिला तरच ती टिकणार होती. बाप तिला घरातही हौसेने 'बाई' म्हणायचा. "बाई, जेवायला बसू का?" अशी रोज परवानगी मागायचा, आणि ती "बसा, पण गडबड करायची नाही" म्हणायची. विनोद शिळा होऊन महिने लोटले होते, तरी तिघांनाही रोज हसू यायचं.

अशा त्या कोरड्या दिवसांत, शाळेच्या मधल्या सुट्टीत, लाकडी जिन्याचा खालचा कठडा निखळला. नववीची चार मुलं त्यावरून घसरत खाली येत होती. पहिली तिघं धडधाकट पोचली. चौथी मुलगी अर्ध्यावर असताना कठडा खांबातून सुटला आणि ती कठड्यासकट फरशीवर आदळली. कोपराच्या वर हात दोन ठिकाणी मोडला. ह्या मुलीला सगळं गाव भिंगरी म्हणायचं, कारण ती एका जागी टेकलेली कोणी पाहिलीच नव्हती. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. घरात मायलेकी दोघीच होत्या.

जिन्यापाशी उभं राहायची ड्युटी त्या दिवशी मिस्त्रीच्या मुलीची होती, आणि ती तिथे नव्हती. सकाळपासून सलग पाच तास घेतले होते, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून तिने वर्गात जाऊन डबा उघडला होता. दुसरा घास तोंडात असताना तिला आवाज ऐकू आला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या कपड्यांवर त्या मुलीच्या नाकातलं रक्त वाळलं होतं. ती हातपाय न धुता भिंतीला टेकून बसली.

"आई, मी जेवत होते गं," ती म्हणाली.

"मग? माणसानं जेवूच नये?" आई फणकारली. "दोन घास खाल्ले म्हणून काय फासावर देणार आहेत का तुला?"

"चौघांना घसरताना मी चार दिवसांपूर्वीसुद्धा पकडलं होतं. मला माहीत होतं ते परत करणार. माहीत असून मी आत गेले."

आई खाली बसली. चिंध्या बांधलेल्या बोटांनी तिने लेकीच्या पायातल्या चपलांचे बंद सोडले. लेक पहिलीत जायला लागल्यापासून तिने हे केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेडसरांनी एक कागद लिहून तयार केला. वरच्या कचेरीला उत्तर द्यायचं होतं, त्यामुळे कोणाच्या तरी गळ्यात हे घालणं भाग होतं. कागदावर लिहिलं होतं, की बाईंनी वारंवार ताकीद देऊनही त्या चार विद्यार्थ्यांनी बेशिस्त वर्तन केलं, सबब त्यांचे दाखले त्यांच्या हातात द्यावेत. खाली बाईंच्या सहीची जागा मोकळी होती. हेडसर माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेला माणूस जसा पावलोपावली जपून चालतो, तसा तो चालत होता.

"सही करा आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "नाहीतर शेरा तुमच्या नावावर लिहावा लागेल. मग पुढच्या नेमणुकीचं पत्र विसरा."

तिने सही केली नाही. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मिस्त्री चौकटीला रंधा मारत होता. त्याने मान हलवली, शाबास म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. लेकीचा त्याला इतका अभिमान वाटला, की चौकटीची एक बाजू जरा जास्तच उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या शिपायाने निखळलेला कठडा हातगाडीवर घालून छपराखाली आणून टाकला. "हेडसर म्हणाले, जमेल तसं लवकर बसवून द्या. तोवर दोरी बांधलीय."

मिस्त्रीने कठडा कामाच्या लाकडी घोड्यावर ठेवला. मोडक्या लाकडाला जोड कुठे द्यायचा ते बघावं म्हणून टोकावरची धूळ फुंकली, आणि त्याचा हात तिथेच राहिला. लाकूड मोडलेलं नव्हतंच. एक चीर नव्हती, एक कपची उडाली नव्हती. खांबाच्या खाचेत बसणारी जीभ जशीच्या तशी होती, आणि तिच्यात ठोकलेली पाचर बोटाने हलत होती. भार पडून लाकूड तुटलं असतं तर दात उपसल्यासारखं फाटून आलं असतं. हे ड्रॉवर ओढावा तसं सुटून आलं होतं.

हा जिना त्याच्या बापाने केलेला. बाप लाकडात खिळा मारायचा नाही. खाच, जीभ आणि पाचर. ओल्या दिवसांत लाकूड फुगून सांधा घट्ट बसतो, कोरड्या दिवसांत आकसतो आणि पाचर ढिली पडते. म्हणून दरवर्षी उन्हं तापली की बाप मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन शाळेत जायचा आणि एकेक पाचर ठोकून यायचा. बाप गेल्यावर मिस्त्री जायला लागला. तेवीस वर्षं तो जात होता. त्याला कोणी बोलवायचं नाही, कोणी विचारायचं नाही, आणि हेडसर बदलत गेले तसं हे काम कोणी करतं हेही कोणाला ठाऊक राहिलं नाही.

ह्या वर्षी तो गेला नव्हता.

न जाण्याचं कारण तो स्वतःशीसुद्धा नीट बोलला नव्हता. लेक नोकरीला लागली त्याच आठवड्यात तो फळ्याचा स्टँड दुरुस्त करायला तिच्या वर्गात गेला होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी, अंगभर भुसा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, हे कोण?" ती क्षणभर थांबली. "मिस्त्री आहेत. फळा नीट करायला आलेत," ती म्हणाली. ह्यात खोटं काहीच नव्हतं, आणि मिस्त्रीला राग आला नाही. उलट त्याला वाटलं, बरोबर आहे पोरीचं. चाळीस पोरं सांभाळायची, त्यांच्या डोळ्यांत धाक राहायला हवा. तेव्हापासून त्याने शाळा भरलेली असताना फाटकातून आत जायचं बंद केलं. कोरडे दिवस आले तेव्हा म्हणाला, रविवारी जाऊ. रविवारी फाटकाला कुलूप असायचं. असे किती रविवार गेले, ते त्याने मोजले नाहीत.

"काय झालं?" बायकोने वेताआडून विचारलं. "दुपारपासून रंध्याचा आवाज नाही."

त्याने तिला बोलावलं आणि पाचर हलवून दाखवली. सुताराच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला आणखी सांगावं लागत नाही. तिने स्वतः ती पाचर हलवून बघितली.

"कोणाला दिसणार आहे हे?" ती हळूच म्हणाली. "तुमच्याशिवाय?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"मग काय. पोरगी स्वतःच्या अंगावर घेऊन बसलीय. माझं गाठोडं ती वाहतेय."

"शाळेत सभा भरणार आहे, तिथे सांगाल, तर का गेला नाहीत म्हणून विचारतील. ते काय सांगणार?"

तिलाही ते कारण ठाऊक होतं, हे मिस्त्रीला तेव्हा कळलं. फळ्याच्या स्टँडची गोष्ट त्याने घरी कधी काढली नव्हती. लेकीनेच आईपाशी बोलून दाखवलं असणार, किंवा बायकोने नुसत्या त्याच्या रविवारांवरून ओळखलं असणार. त्याने विचारलं नाही.

"विसरलो म्हणेन," तो म्हणाला.

पुढचे पाच दिवस त्याने कठडा दुरुस्त करण्यात घालवले. खरं तर ते एका तासाचं काम. त्याने नव्या पाचरी केल्या, त्या पसंत पडेनात म्हणून फेकून दुसऱ्या केल्या. जीभ घासली, पुसली, तेल लावलं. कठडा आता पुढची शंभर वर्षं हलला नसता. रात्री जेवायला बसताना तो परवानगी मागायचा विसरू लागला. लेकीला वाटलं, आपल्या नोकरीच्या काळजीने बाबा गप्प झालेत. तिने एकदा त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं आणि म्हणाली, "बाबा, गेली तर गेली नोकरी. मी आईजवळ बसून खुर्च्या विणेन." त्याने ताट सारलं आणि हात धुवायला उठला.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात सभा बसली. हेडसर होते, शाळा समितीचे अध्यक्ष होते, त्या चार मुलांच्या घरचे होते. अध्यक्षांची पिठाची गिरणी. ते गिरणी बंद करून तसेच आले होते, भुवयांवर पीठ होतं. इस्त्रीवाली भिंगरीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. भिंगरीचा हात गळ्यात अडकवलेला, आणि एका हाताने तिने बाकावरची खपली उचकटायला सुरुवातही केली होती. मिस्त्री दाराशी उभा राहिला. जिना चढताना तो मनात वाक्यं जुळवत भिंतीच्या कडेने आला होता.

बोलणं सुरू झालं आणि चेंडूसारखं इकडून तिकडे जायला लागलं. हेडसर म्हणाले, मुलांना घरून वळण नाही. एका मुलाचा बाप म्हणाला, दिवसभर पोरगं तुमच्या ताब्यात असतं, वळण आम्ही कधी लावायचं? दुसऱ्या मुलीची आजी म्हणाली, आमची पोर घसरली खरी, पण खाली नीट उतरली, मग तिचा दाखला का? अध्यक्ष म्हणाले, एका वेळी एकाने बोला. ते कोणीच ऐकलं नाही.

मग मिस्त्रीची मास्तरीण लेक उभी राहिली.

"मुलं घसरणारच, सर," ती म्हणाली. "मीसुद्धा ह्याच कठड्यावरून घसरत होते. मुलं अशी करतात म्हणून तर तिथे एका मोठ्या माणसाला उभं करतात. त्या दिवशी ते माणूस मी होते आणि मी तिथे नव्हते. चौघांना दाखला द्यायचा असेल तर त्यावर माझी सही मिळणार नाही."

हेडसरांनी सुस्कारा सोडला आणि बाईंच्या नावावरच्या शेऱ्याचा दुसरा कागद पुढे ओढला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"लाकूड तुटलेलं नाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. मिस्त्रीने जुनी पाचर खिशातून काढली आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवली. जुळवून ठेवलेली वाक्यं त्याला एकही आठवेना, म्हणून त्याने आलं तसं सांगितलं. बापाचं काम, कोरडी हवा, पाचरी, तेवीस वर्षं. "ह्या वर्षी मी पाचरी ठोकल्या नाहीत. ठोकल्या असत्या तर चार काय, दहा पोरं घसरली असती तरी कठडा हलला नसता. बाई जागेवर असत्या तर पोरांना ओरडल्या असत्या, एवढंच. आज नाही तर उद्या ते सुटणारच होतं."

हेडसरांनी चष्मा काढला. "पण हे काम तुम्हाला दिलं होतं कोणी?"

"कोणी नाही."

"कागदावर काही?"

"नाही."

"मग जबाबदारी तुमची कशी होईल?"

मिस्त्री गोंधळला. एवढी सरळ गोष्ट ह्यांना कळत कशी नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "दरवर्षी मीच करायचो ना," तो म्हणाला.

"मग ह्याच वर्षी काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"विसरलो."

"ते विसरत नाहीत," मास्तरीण म्हणाली. ती अजून उभीच होती आणि आता तिचे डोळे भरले होते. "बाबा कधी काही विसरत नाहीत. माझ्यामुळे आले नाहीत. वर्गात मुलांनी विचारलं हे कोण, तेव्हा मी मिस्त्री म्हणून सांगितलं. बाप म्हणून सांगितलं नाही. मला लाज वाटली. एका क्षणाचीच, पण वाटली. आणि ते त्यांनी ऐकलं."

मिस्त्रीला वाटलं, पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवावा. इतकं बोलायची काय गरज होती ह्या पोरीला चारचौघांत? आणि त्याच वेळी इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून बाजूला केल्यासारखं त्याला मोकळं वाटलं. खरं म्हणजे त्याला तेव्हा लागलं होतं. राग आला नव्हता, पण लागलं होतं.

"मीच म्हटलं होतं चला घसरू," भिंगरी मागून ओरडली. "बाकीचे नको म्हणत होते."

"आता तू गप्प बस," तिची आई म्हणाली, आणि स्वतः उभी राहिली. आतापर्यंत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. इस्त्रीने भाजलेल्या खुणा असलेला हात तिने दाराकडे केला.

"मला ह्या कागदांतलं कळत नाही. पण आत्ता वर येताना मी वरच्या टप्प्याचा कठडा धरला, तर तो हलला. नऊ दिवस झाले. पोरं रोज त्याला धरून चढतायत. तुम्ही कोणी हात लावून बघितलात का?"

हेडसर नऊ दिवस कागद लिहीत होते, घरचे नऊ दिवस भांडत होते, मास्तरीण नऊ दिवस स्वतःला दोष देत होती. आणि मिस्त्री, ज्याला ठाऊक होतं की एक पाचर ढिली म्हणजे सगळ्या ढिल्या, तो पाच दिवस घरी बसून एकाच कठड्याला तेल लावत होता. लेकीपलीकडे त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

मग तो जिन्याकडे धावला. गुडघा दुखतो म्हणून जो माणूस वर्षभर जपून चालत होता, तो धावला. वरच्या टप्प्याच्या पहिल्याच खांबाला त्याने अंगठा लावला, आणि पाचर निघून पायऱ्यांवरून टकटक करत खाली गेली.

"मोगरी नाही आणली मी," तो म्हणाला. रिकाम्या हातांकडे बघत तो उभा राहिला.

मास्तरीण त्याच्या बाजूने जिना उतरून गेली. मैदानात मुलं चेंडू खेळत होती. थोड्या वेळाने तीच मुलं थांबून बघायला लागली, कारण बाई फाटकातून हत्यारांची जड पिशवी खांद्यावर घेऊन पळत येत होत्या, एका बाजूला वाकलेल्या. मागून त्यांची आई दुरुस्त केलेला कठडा ओढत होती. दोन मुलं आपणहून गेली आणि त्यांनी तिच्या हातातून कठडा घेतला.

हेडसर दोन्ही कागद हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"उद्या इथे ड्युटीला कोण आहे, सर?" अध्यक्षांनी विचारलं.

हेडसरांनी भिंतीवरचा तक्ता बघितला. "बाईच आहेत."

"मग तसंच राहू द्या. आणि ते कागद ठेवा खाली, ह्या खांबाला धरा जरा. दोन्ही हातांनी."

हेडसरांनी कागद खिशात कोंबले आणि खांब धरला. अध्यक्षांनी दुसरा धरला. मिस्त्री एकेक पाचर ठोकत खाली येत गेला. लेक प्रत्येक खांबापाशी कठडा दाबून उभी राहत होती, आणि घाव पडला की तिचे हात कोपरापर्यंत हादरत होते.

"सोड, लागेल तुला," तो म्हणाला.

"तुम्ही ठोका."

उन्हं कलली तेव्हा शेवटची पाचर बसली. मिस्त्री सर्वांत खालच्या पायरीवर बसला. त्याला रडू आलं, आणि ते लपवायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं. बायको शेजारी येऊन बसली.

"मी काय जन्मभर येणार आहे का?" तो लेकीला म्हणाला. "कोरडे दिवस आले की आठवड्यातून एकदा सगळ्या खांबांना हात लावायचा. नुसतं बघून कळत नाही. हलवून बघायचं."

"शिकवा," ती म्हणाली.

त्याने शिकवलं. मग ती एकेक पायरी चढत प्रत्येक खांब जोर लावून हलवत वर गेली. तिच्या मागे भिंगरी, चांगल्या हाताने तेच खांब पुन्हा हलवत. तिची आई ओरडत होती, उतर खाली, पण भिंगरी कोणाचं ऐकते थोडीच.

"बाई, हा हलत नाही," ती वरून ओरडली.

"परत बघ," मास्तरीण म्हणाली.